नेट बंद नव्हतं, मुकादम गायब झाला होता

मागच्या वेळी आपण बँकेच्या कर्जखात्यावर बोललो होतो. आज कॉम्प्युटरवर बोलायचंय. ‘आमच्या घरी कुठं आलाय कॉम्प्युटर’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. घरी नसेल, पण तुमचा पीकविमा, सातबारा, लेकीचा जातीचा दाखला, लाडकी बहीणची केवायसी हे सगळं कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरूनच जातं. तो अडला की रांगेत ताटकळत आपणच उभ्या असतो.

आम्ही बीड जिल्ह्यात बचत गटांचं काम बघतो. आमच्या केंद्राच्या खोलीत दोन टेबलं आहेत. एकावर गटांचे हिशोब चालतात, दुसऱ्यावर गटातलीच एक ताई फॉर्म भरून देते. कॉम्प्युटर मात्र दोघींत एकच. मागच्या पावसाळ्यात पीकविम्याची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती आणि भर दुपारी हा कॉम्प्युटर म्हणायला लागला, नेट नाही.

दारात बाया बसलेल्या. कुणी खुरपणी सोडून आलेली, कुणी काळी-पिवळीनं तीस रुपये मोडून आलेली. एका आक्काच्या मांडीवर नातू झोपलेला. “काय झालं माय? नेट चालंना का?” असं एकीनं विचारलं की तेच वाक्य मागं मागं सरकत पार लिंबाच्या झाडापर्यंत जायचं आणि परत यायचं.

आपण सगळ्या जे करतो तेच आम्ही केलं. नेटचा डबा बंद करून चालू केला. एकदा नाही, तीनदा. वायर काढून फुंकली. नेट देणाऱ्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, तुमची लाइन तर चालू दिसते. आम्हाला राग आला, कारण लाइन चालू असती तर आम्ही फोन कशाला केला असता? आणि ह्या सगळ्या गोंधळात कोपऱ्यात बसलेली एक पोरगी आमच्याच वायफायवर मोबाइलवर गाणं ऐकत होती. तिच्याकडं आमचं लक्षच नव्हतं. खरं तर निम्मं उत्तर तिच्या हातात होतं. त्याच डब्यावर मोबाइल चालतोय म्हणजे नेट घरापर्यंत आलेलं आहे. अडचण आहे ती कॉम्प्युटरच्या आत.

शेवटी बाजारपेठेतून दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “विंडोज खराब झालंय. फॉरमॅट मारावं लागंल. आठशे रुपये.” त्याचा काही वाईट हेतू होता असं आम्ही म्हणत नाही. अशा लोकांना दिवसाला दहा कॉम्प्युटर बघायचे असतात आणि फॉरमॅट मारला की बहुतेक दुखणी जातात हे खरंच आहे. पण फॉरमॅट मारणं म्हणजे घराला वाळवी लागली म्हणून घरच पाडून नवं बांधणं. आतलं सामान आधी बाहेर काढलं नाही तर तेही गेलं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये गटांचे हिशोब होते आणि त्यांची दुसरी प्रत आम्ही मार्च अखेरीला काढली होती, त्यानंतर नाही. ही चूक आमची, ती आम्ही कबूल करतो. एप्रिल ते जुलै कुणी किती बचत भरली, कुणी अंतर्गत कर्ज घेतलं, कुणाचा हप्ता थकला, सगळं त्यातच. कागदी वह्या होत्या, पण त्यावरून पुन्हा सगळं टाईप करायचं म्हणजे पंधरा दिवस गेले असते. आम्ही त्याला चहा पाजला आणि उद्या सांगतो म्हणून पाठवलं.

मग कुठं आम्ही पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला बसलो. तोपर्यंत आम्ही सगळ्यांनी फक्त वरची मोठी अक्षरं वाचली होती, ‘नो इंटरनेट’. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ताईच्या मदतीला येणारी पोरगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिनं ती एकेक शब्द तोडून वाचली. ‘देअर इज समथिंग राँग विथ द प्रॉक्सी सर्व्हर, ऑर द ॲड्रेस इज इनकरेक्ट.’ म्हणजे प्रॉक्सी सर्व्हरमध्ये काहीतरी बिघाड आहे, किंवा त्याचा पत्ता चुकलाय. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांचा एक जोड होता, त्यातही प्रॉक्सी हाच शब्द.

हे प्रॉक्सी काय असतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या बाईला समजायला अवघड नाही. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडून टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोयता थेट कारखान्याशी बोलतो का? नाही. मधे मुकादम असतो. उचल त्याच्या हातून येते, कोणत्या गावाला कोणत्या फडात जायचं ते तोच सांगतो, कारखान्याचा निरोप त्याच्याकडून येतो आणि आपलं गाऱ्हाणं त्याच्याकडूनच वर जातं. कॉम्प्युटरच्या जगातला प्रॉक्सी हा असा मधला माणूस. एरवी आपला कॉम्प्युटर विम्याच्या पोर्टलकडं थेट जातो. पण त्याच्या सेटिंगमध्ये कुणी लिहून ठेवलं की ‘अमक्या प्रॉक्सीमार्फत जा’, तर तो प्रत्येक मागणी आधी त्या मधल्याकडं देतो आणि तो पुढं नेईल म्हणून वाट बघत बसतो. आता समजा मुकादमच रातोरात पळून गेला. टोळी काय करील? बोचकी बांधून रस्त्याच्या कडेला बसून राहील. रस्ता चांगला आहे, कारखाना चालू आहे, ट्रक उभा आहे, पण ‘चला’ म्हणणारा नाही. आमचा कॉम्प्युटर असाच बसून होता.

मग प्रश्न आला की हा मुकादम नेमला कुणी? आम्ही तर नेमला नव्हता.

इथं खोलीत जरा शांतता झाली. मग ती बीएवाली पोरगीच खाली मान घालून म्हणाली, “ताई, शनिवारी मी एक सॉफ्टवेअर टाकलं होतं.”

झालं होतं असं. फॉर्मला फोटो आणि कागद ठरलेल्या आकाराचेच लागतात, इतक्या केबीच्या वर चालत नाही. मोबाइलवर काढलेला फोटो मोठा येतो. तो लहान करायला तिनं गुगलवर शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर दाबलं. सगळ्यात वर येतं ते बरेचदा जाहिरातीचं असतं, त्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं. फुकट सॉफ्टवेअर उतरलं. नेक्स्ट, नेक्स्ट, ॲक्सेप्ट, ॲक्सेप्ट, फिनिश. फोटो लहान झाला, काम झालं. त्या नेक्स्ट-नेक्स्टमध्ये तिनं कशाकशाला होकार दिला हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हालाही नसतं.

सोमवारी ब्राउझर उघडल्यावर गुगलच्या जागी दुसरंच कुठलं तरी पान आलं होतं. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण वेबसाइट बघतो ते क्रोम, एज, फायरफॉक्स. आम्हाला वाटलं, गुगलनं आपलं रूप बदललं असेल. बाजूला जाहिराती लुकलुकत होत्या, वजन कमी करा, घरबसल्या कमवा. आम्ही त्या बंद करत काम करत राहिलो. मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरमधल्या अँटीव्हायरसनं लाल चौकट दाखवली की धोका सापडलाय, काढून टाकू का? ताईनं हो म्हटलं, बरोबरच केलं. आणि दुपारी नेट मेलं.

आता कडी जोडून बघा. त्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर आणखी एक प्रोग्रॅम आत शिरला. त्यानं कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये स्वतःचं नाव मुकादम म्हणून लिहून टाकलं. आपण जे जे उघडतो ते त्याच्या हातून जायला लागलं, आणि तो जाता-येता त्यात जाहिराती घुसवायला लागला. हाच त्याचा धंदा, प्रत्येक जाहिरातीमागं त्याला पैसे. अँटीव्हायरसनं त्या प्रोग्रॅमला हाकललं. पण वहीतलं त्याचं नाव खोडलं नाही. कॉम्प्युटर त्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवत राहिला आणि आत कुणीच नाही. रोग गेला आणि रोगी उठेना, असं झालं. म्हणून बायांनो, नेट बंद पडण्याच्या आधी एखाद-दोन दिवसांत काय झालं होतं हे आठवायचं. नवं काही टाकलं का? अँटीव्हायरसनं काही काढलं का? पान बदललं का? डॉक्टर विचारतात ना, काल काय खाल्लं होतं, तसं.

त्या पोरीला खोलीतल्या दोघी-तिघी रागवायला निघाल्या होत्या. आम्ही त्यांना थांबवलं, आणि ते काही मोठेपणा म्हणून नव्हे. तिनं सांगितलं नसतं तर आम्ही आणखी दोन दिवस डबाच बंद-चालू करत बसलो असतो. एकदा रागावलं की पुढच्या वेळी कुणी सांगत नाही, गुपचूप पुसून टाकतं.

आता नाव खोडायचं कसं ते सांगतो. वही-पेन असेल तर लिहून घ्या, नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या लेकराला जवळ बोलवा.

विंडोजच्या कॉम्प्युटरवर खाली स्टार्टचं बटण असतं. ते दाबून इंग्रजीत पी, आर, ओ, एक्स, वाय ही पाच अक्षरं टाईप करायची. प्रॉक्सी सेटिंग्ज असं नाव येईल, त्यावर दाबायचं. नाही आलं तर सेटिंग्जमध्ये जायचं, तिथं नेटवर्क अँड इंटरनेट, आणि त्यात प्रॉक्सी. जे पान उघडेल त्याचा काही बदलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. ही आमची सवय आता पक्की झालीय. आधी काय होतं ते फोटोत असलं की चुकलं तरी परत जाता येतं.

त्या पानावर तीन गोष्टी दिसतात. पहिली, ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’. ती चालू असली तर असू द्या. दुसरी, ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’. ही बंद पाहिजे. तिसरी, ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’. हीसुद्धा बंद पाहिजे. विंडोज १० मध्ये ही बटणं समोरच असतात. विंडोज ११ मध्ये त्याच्यापुढं ‘सेट अप’ किंवा ‘एडिट’ असं लिहिलेलं असतं, ते दाबल्यावर आतलं बटण दिसतं. ते बंद करून ‘सेव्ह’ दाबायला विसरायचं नाही.

आमच्याकडं ती तिसरी गोष्ट चालू होती. पत्त्याच्या जागी आकडे होते, १२७.०.०.१, आणि पुढं पोर्ट म्हणून आणखी चार आकडे. हा १२७.०.०.१ पत्ता मजेशीर आहे. तो बाहेरचा नाहीच. तो कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता, म्हणजे ‘हेच घर’. मुकादम कुठं साखर कारखान्याच्या गावाला नव्हता, आमच्याच ओसरीवर बसला होता. पण हा पत्ता कुठंही दिसला की घाबरू नका. अंगठा घ्यायचं जे मशीन असतं, आधारवालं, त्याचा प्रोग्रॅमही ह्याच पत्त्यावर बसून काम करतो, तो चांगल्या कामाचा असतो. प्रॉक्सीच्या रकान्यात, आपण न लिहिता तो दिसला, तर शंका घ्यायची.

आम्ही बटण बंद केलं, सेव्ह केलं, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडला. विम्याचं पोर्टल उघडलं. बाहेर लिंबापर्यंत निरोप गेला, “आलं आलं, नेट आलं.” आठशे रुपये वाचले, हिशोब वाचले.

मधेच एक गोष्ट सांगायची राहिली. ताईनं त्याआधी क्रोम काढून पुन्हा टाकून बघितलं होतं, हिस्ट्री पुसली होती. त्याचा उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता. क्रोम आणि एज यांची प्रॉक्सीची वही स्वतःची नसते, ते विंडोजच्या वहीत बघतात. फायरफॉक्सची मात्र स्वतःची वही असते. त्यात सेटिंग्जमध्ये जनरल, आणि अगदी तळाला नेटवर्क सेटिंग्ज. तिथं ‘नो प्रॉक्सी’ निवडता येतं. म्हणून कधी कधी असं होतं की क्रोम चालत नाही आणि फायरफॉक्स चालतो, किंवा उलटं. असं झालं तर समजायचं, दुखणं वहीतच आहे.

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. आम्हालाही वाटलं होतं. बुधवारी सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर पुन्हा तेच! नेट नाही. प्रॉक्सीचं पान उघडलं तर बटण परत चालू.

ह्याचा अर्थ असा की मुकादम गेला, पण त्याचा एक पोरगा घरातच लपून राहिला होता. कॉम्प्युटर सुरू झाला की तो उठायचा आणि वहीत बापाचं नाव पुन्हा लिहायचा. नुसतं नाव खोडून भागत नाही, त्या लिहिणाऱ्याला बाहेर काढावं लागतं.

तेव्हा सेटिंग्जमध्ये ॲप्सचं पान उघडलं, तिथं कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी असते. ती नावाप्रमाणे असते, पण ‘सॉर्ट बाय’मध्ये इन्स्टॉल डेट निवडली की तारखेप्रमाणे लागते. शनिवारच्या तारखेखाली एक नाही, तीन नावं होती! एक फोटो लहान करायचं, ते पोरीनं टाकलेलं. एक हवामान दाखवणारं, ते कुणीच टाकलेलं नव्हतं. आणि एक नुसतंच ‘अपडेटर’. अशी नावं मुद्दाम साधी ठेवतात, म्हणजे कुणी हात लावत नाही. तिन्ही अनइन्स्टॉल केली. काढताना ते प्रोग्रॅम गयावया करतात बरं का, ‘खरंच जाऊ का? अर्धवट ठेवू का?’ आणि ‘ठेवा’चं बटण मोठं रंगीत असतं, ‘काढा’चं फिकट. टाकतानाही तोच डाव असतो, ‘ॲक्सेप्ट’ ठळक आणि ‘डिक्लाइन’ फिकट. हा फिकट रंगाचा डाव लक्षात ठेवला तरी निम्मं काम होतं.

त्यानंतर टास्क मॅनेजर उघडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की तो उघडतो. त्यात स्टार्टअप नावाचा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताना कोण कोण उठतं त्यांची ती हजेरी. ओळखीचं नसलेलं एक नाव तिथं होतं, ते डिसेबल केलं. मग ब्राउझरचे एक्स्टेन्शन बघितले, न टाकलेलं एक होतं, ते काढलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘रिसेट सेटिंग्ज’ म्हणून आहे, ते केल्यावर आपलं जुनं गुगलचं पान परत आलं. क्रोमच्या तीन टिंबांच्या यादीत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसलं, आणि कॉम्प्युटर तर आपल्या घरचाच आहे, तर अजून काहीतरी उरलंय असं समजायचं आणि जाणकाराला दाखवायचं. आमच्याकडं ते नव्हतं.

शेवटी विंडोजमधल्याच डिफेंडरनं ऑफलाइन स्कॅन केला. त्याला साधारण पंधरा मिनिटं लागतात, कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन चालू होतो. त्या पंधरा मिनिटांत बाहेरच्या बायांना पोह्याचा बेत झाला, कारण कुणी घरी जायला तयार नव्हतं. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, ते फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालं, त्याच्या वेबसाइटवर कॉम्प्युटर साफ करायची साधनं फुकट मिळतात. सीएसके डॉट जीओव्ही डॉट इन असा पत्ता आहे. साफ करायचं साधन घ्यायचं तर तिथून घ्यावं. ‘तुमचा कॉम्प्युटर आजारी आहे, लगेच हे टाका’ म्हणून जाहिरात येते तिथून कधीच नाही, ते दुखण्यावर दुखणं.

आता जरा गंभीर गोष्ट. नेट परत आलं, फॉर्म भरले, आणि संध्याकाळी आम्हाला एक प्रश्न पडला. सोमवार ते मंगळवार दुपार, दीड दिवस सगळं त्या मुकादमाच्या हातून जात होतं. त्या दीड दिवसात आम्ही कोणकोणते पासवर्ड टाकले?

जाहिराती घुसवणारा फक्त जाहिरातीच घुसवतो की आपलं पाकीटही उघडून बघतो, हे बाहेरून सांगता येत नाही. बँकेची वेबसाइट कुलूपबंद असते, मधल्याला आतलं वाचता येत नाही, हे खरं आहे. पण मधल्यानं कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं खोटं प्रमाणपत्र घुसवलं असेल तर त्याला ते कुलूपही उघडता येतं. हे नुसतं भय घालायला सांगत नाही, असं घडलेलं आहे. लेनोवो कंपनीनं २०१४ च्या सप्टेंबरपासून काही लॅपटॉप विकले, त्यात सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर कंपनीनंच आधी घालून ठेवलेलं होतं. ते असंच मधे बसायचं, बँकेच्या पानाला बँकेच्या प्रमाणपत्राऐवजी स्वतःचं प्रमाणपत्र लावायचं, आणि सगळ्या लॅपटॉपमध्ये त्याची गुप्त किल्ली एकच होती. म्हणजे एका घराची किल्ली चोराला मिळाली की साऱ्या गल्लीची मिळाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं आणि कंपनीला ते काढायचं साधन द्यावं लागलं. आणि २०१७ मध्ये फायरबॉल नावाचं प्रकरण झालं. फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून येणारं आणि ब्राउझरचं पहिलं पान बदलणारं. चेक पॉइंट नावाच्या कंपनीनं त्या जूनमध्ये सांगितलं की जगात पंचवीस कोटी कॉम्प्युटरमध्ये ते शिरलंय आणि त्यात भारतातले अडीच कोटींहून जास्त. मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं की धोका खरा आहे, पण आकडा फुगवलेला वाटतो. आकडा निम्मा धरला तरी आपल्या त्या पोरीसारख्या नेक्स्ट-नेक्स्ट दाबणाऱ्या किती असतील बघा.

म्हणून आम्ही त्या संध्याकाळी बसून यादी केली. नशीब असं की ताई रोज कुठलं काम कोणत्या पोर्टलवर केलं ते वहीत लिहिते, त्यामुळं आठवत बसावं लागलं नाही. केंद्राचा लॉगिन, ईमेल, आणि आमच्यातल्या एकीनं सोमवारी बँकेचं खातं उघडून बघितलं होतं ते. सगळे पासवर्ड बदलले, आणि तेही त्या कॉम्प्युटरवरून नाही, दुसऱ्या मोबाइलवरून, मोबाइलच्या स्वतःच्या नेटवर. खात्याच्या नोंदी आठवडाभर रोज बघितल्या. काही गेलं नव्हतं. गेलं असतं तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करायचा असं ठरवून तो नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता, तो अजून तिथंच आहे. पैसे गेले की जितक्या लवकर ह्या नंबरवर कळवाल तितके ते मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त.

फॉर्मचं म्हणाल, तर बुधवारी रात्री साडेदहापर्यंत भरले. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या आक्कांचा शेवटून तिसरा होता.

मोबाइलवाल्यांनी पण ऐकावं, कारण आपल्यातल्या जास्तीत जास्त जणींकडं तोच आहे. मोबाइलमध्येही मुकादम बसतो. वर घड्याळाशेजारी बारीक किल्लीचं चिन्ह दिसलं, किंवा व्हीपीएन असं लिहिलेलं दिसलं, आणि तुम्ही ते मुद्दाम चालू केलेलं नसेल, तर कुठल्या तरी ॲपनं मधे जागा घेतलीय. सेटिंग्जमध्ये व्हीपीएन शोधून ते बंद करा आणि ते ॲप काढा. फक्त घरच्या वायफायवर नेट चालत नाही आणि सिमच्या नेटवर चालतं असं असेल, तर वायफायच्या नावावर जाऊन त्याच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी ‘नन’ आहे का बघा. आणि व्हॉट्सॲपवर एपीके म्हणून जी फाइल येते, लग्नपत्रिका म्हणून, योजनेची यादी म्हणून, ती उघडायचीच नाही. पत्रिकेला ॲप टाकावं लागत नाही.

आमच्या केंद्रात आता दोन गोष्टी बदलल्यात. रोजच्या कामाचं खातं वेगळं केलंय, त्यात नवं सॉफ्टवेअर टाकायला पासवर्ड लागतो आणि तो दोघींनाच माहीत आहे. आणि गटाच्या पेटीच्या तीन किल्ल्या तिघींकडं असतात तशी त्याच पेटीत एक पेनड्राइव्ह ठेवलीय. दर शनिवारी हिशोबाची प्रत तिच्यात जाते आणि ती काढून घेऊन पेटी बंद होते. काढून घ्यायची हे महत्त्वाचं, लावूनच ठेवली तर कॉम्प्युटरला जे होईल ते तिलाही होईल. फोटो लहान करायला आता वेगळं सॉफ्टवेअर नाही, विंडोजच्या पेंट आणि फोटोज मध्येच तो लहान करता येतो हे आम्हाला नंतर कळलं. एवढा खटाटोप ज्याच्यासाठी झाला ते घरातच होतं.

हा कार्यक्रम लागल्यावर दोन फोन आले, ते इथं छापायला दिलेत. अंबाजोगाईहून एका ताईंनी विचारलं की लेकीच्या कॉलेजात प्रॉक्सीचा पत्ता टाकल्याशिवाय नेटच लागत नाही, मग ते पण काढायचं का? नाही ताई. कॉलेज, बँक, मोठी कार्यालयं स्वतःहून मुकादम ठेवतात, कोण कुठं जातंय ते बघायला आणि नको त्या साइट अडवायला. तो त्यांनी नेमलेला असतो आणि पत्ता तेच देतात. तिथलं बटण तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. पण लेक तोच लॅपटॉप सुट्टीत घरी घेऊन आली आणि घरी नेट लागेना, तर पहिल्यांदा तेच बघायचं, कारण कॉलेजचा मुकादम तुमच्या गावापर्यंत येत नाही.

दुसरा फोन गेवराईकडून होता. त्यांच्या सेवा केंद्रावर तीन दिवस नेट नव्हतं आणि दुरुस्तीवाला फॉरमॅटलाच बसला होता. त्यांनी फोनवर असतानाच पाच अक्षरं टाईप केली. बटण चालू होतं.